कसर

कापड मार्केटात बत्तीस वर्षं मी थानं मोजली,
आणि संध्याकाळी चिमणबागेत पोरं.
अरुणोदय क्लबचा सेक्रेटरी. बिनपगारी.
बेसबॉलचं इंदुरात काय असणार,
पंधरा-वीस पोरं, चार बॅटी,
आणि बघायला भिंतीवर बसलेले रिकामटेकडे.
तरी रजिस्टर ठेवलं मी, लाल कापडी बांधणीचं,
पेढीवर असतं तसं.

मांगीलाल खाती उजव्या कोपऱ्यात उभा राही.
खजराण्याहून सायकलवर यायचा
दुधाचे कॅन रिकामे करून.
भिंतीपाशी चेंडू उचलायचा
आणि तिथूनच, एकही टप्पा न पडता,
थेट होमवर.
धावणारा अजून वाटेत, चेंडू केव्हाच पोचलेला,
पाहुण्याच्या आधी आलेल्या तारेसारखा.

त्या हिवाळ्यात मला त्याचा खांदा ऐकू आला.
बाकी कुणाला नाही.
फेक सुटताना एक बारीक आवाज,
मांजरपाटाला कात्री पहिल्यांदा लागते तसा.
मी मनात म्हटलं, भाव आहे तोवर विका.

परदेशीपुऱ्याच्या क्लबचे बुंदेलाजी,
मिलमध्ये टाइमकीपर.
सराफ्यात भेटलो, रात्री साडेअकराला,
दोघांत एक भुट्ट्याच्या किसाचा द्रोण.
रुमालाखाली हात घातले
जुन्या दलालांसारखे, थोडे हसत.
त्यांनी दोन बोटं दाबली. मी तीन.
ठरलं: मांगीलाल तिकडे,
इकडे धनेधर, डावखुरा पिचर, वय एकोणीस,
वर कॅचरचा एक मुखवटा
आणि सहा चेंडू, त्यातले दोन उसवलेले.

खांद्याचं मी बोललो नाही.
डागी थानाची घडी घालताना
डाग आत जातो.
ही लबाडी नव्हे, घडी घालायची रीत आहे,
असं मी राजवाड्यापर्यंत चालताना म्हटलं.
दोनदा.

मांगीलालला चहावाल्याकडून कळलं.
आला. भांडला नाही.
सायकल हातात धरूनच विचारलं,
"दादा, यो ग्लव्ह म्हारो हे के क्लब को?"
मी रजिस्टर पाहिलं. खरंच पाहिलं, पान उलटून.
"क्लबचा," म्हटलं.
त्यानं तो हँडलवरून काढला,
उपडा करून आतली धूळ झटकली,
दिला.

धनेधर दुसऱ्या दिवशी आला. उंच, लाजरा.
ग्लव्ह हातात घेऊन
माझ्याकडे नुसता बघत राहिला.
डावखुऱ्याला ग्लव्ह उजव्या हाताचा लागतो.
उभा जन्म गज धरलेल्या माणसाला
एवढं सुचू नये.

तसा सौदा चांगलाच झाला.
धनेधरनं दोन वर्षं जिंकून दिलं,
एकदा भोपाळला, एकदा जबलपूरला.
मांगीलालचा खांदा मार्चमध्येच गेला.
बुंदेलाजी वाटेत भेटले की नमस्कार करायचे,
पूर्वीपेक्षा जरा जास्त वाकून,
किंवा मलाच तसं वाटायचं.

मग सात-आठ वर्षांनी
परदेशीपुऱ्याची नवी पोरं आमच्याशी खेळली.
उजव्या कोपऱ्यात एक बारका.
भिंतीपाशी वाकला, डावा पाय तसाच उचलला,
आणि मी उठलो. चहा प्यायला.
बाहेर फाटकापाशी एक सायकल उभी होती,
कॅन लावलेली.
आत काय झालं मी कुणाला विचारलं नाही.

ग्लव्ह अजून माझ्या कपाटात आहे.
डांबरगोळ्या ठेवतो, तरी कसर लागते.
आत बोटांच्या जागा आहेत,
करंगळीची थोडी वाकडी.

रजिस्टरात त्या दिवशीचं पान आहे.
'आले' खाली चार ओळी:
धनेधर. मुखवटा. चेंडू सहा. ग्लव्ह एक, परत.
'गेले' खाली एक.
आज चष्मा लावून पुन्हा बेरीज केली.
जुळते.